पुण्यात धनकवडीत फ्लॅट घेणं सुरक्षित आहे का? तिथे गुन्हेगारीचं प्रमाण किती आहे?

तुमच्या प्रश्नातलं ‘शेजारी तळजईची वसाहत आहे म्हणून बायको घाबरते’ हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. ही वसाहत म्हणजे तळजईच्या टेकडीजवळची झोपडपट्टी. मी धनकवडीतच लहानाचा मोठा झालो, अजून इथेच राहतो, आणि हेच वाक्य आमच्या सोसायटीच्या दर सर्वसाधारण सभेत कुणीतरी बोलतं.

आधी आकड्यांचं बोलू. ‘धनकवडीचा गुन्हेगारी दर’ असा अधिकृत आकडा तुम्हाला मिळणार नाही. एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाचा वार्षिक अहवाल मोठ्या शहरांचे तक्ते देतो, पण अख्ख्या शहराचे. जुन्या-नव्या वर्षांची तुलना करताना त्यातलं ‘पुणे’ म्हणजे कुठपर्यंत हेही बघावं लागतं, कारण ऑगस्ट 2018 मध्ये पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं. पोलीस ठाण्यांच्या हद्दीही बदलतात. 2024 मध्ये आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ अशी सात नवी ठाणी झाली. जुन्या ठाण्याची हद्द कापली गेली की त्याचे गुन्हेही कमी दिसतात, रस्त्यावर काही फरक पडलेला नसला तरी. एखादा एजंट ‘गुन्हे निम्म्यावर आलेत’ म्हणाला तर आधी हद्द विचारा.

आणि मुळात आकडा म्हणजे नोंदवलेले गुन्हे. न नोंदवलेल्यांचं काय, हे माझ्या आईच्या बाबतीत बघितलं.

आई दर गुरुवारी शंकर महाराजांच्या मठात जाते. एका गुरुवारी संध्याकाळी परतताना आतल्या रस्त्यावर दोघं बाइकवरून आले, पत्ता विचारायच्या बहाण्याने थांबले आणि मागच्याने मंगळसूत्राला हात घातला. आईने ते मुठीत घट्ट धरलं होतं. अर्धा सर आणि एक वाटी तिच्या मुठीत राहिली, बाकीचं गेलं. कोपऱ्यावर वडापावची गाडी लावणाऱ्या एक मावशी आहेत, वसाहतीत राहणाऱ्या. त्या कढईखालचा गॅस बंद करून धावत आल्या, आईला स्टुलावर बसवलं, 112 ला फोन लावला आणि गटाराच्या जाळीपाशी सांडलेले काळे मणी कागदात वेचून दिले. मी पोहोचलो तोवर हे सगळं झालं होतं.

चौकीत आम्हाला सांगण्यात आलं, “काकू, तुटून पडलं असेल. गहाळ म्हणून लिहून देतो, दाखला लगेच मिळेल.” आईच्या मानेवर कानाखालपासून पुढेपर्यंत लाल ओरखडा उठला होता. आपोआप तुटून पडलेल्या दागिन्याने मान अशी सोलवटत नाही. मी म्हटलं, गहाळ नाही, चोरी लिहा. मावशी आमच्याबरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मी बघितलंय, माझं नाव लिहा साक्षीला.” गाडी बंद ठेवून, संध्याकाळचा धंदा सोडून त्या रात्री उशिरापर्यंत तिथे बसल्या. एफआयआर झाली.

तुम्हालाही हे माहीत असू द्या. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची माहिती दिल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 मध्येच सांगितलंय. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याला वेगळं कलम आहे, 304. प्रत फुकट मिळते. नोंदवून घेत नसतील तर वरिष्ठांना पोस्टाने लेखी कळवायचं, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं. गहाळचा दाखला घेऊन घरी येऊ नका.

आता आमचे चेअरमन. बाइक आमच्या गेटसमोरून गेली होती, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणार. मी फुटेज मागितलं. ते म्हणाले, “पोलिसांना दिलं की पेपरात सोसायटीचं नाव येणार. दोन फ्लॅट विकायला लागलेत, भाव पडेल.” आणि वर, “ही वसाहतीतल्याच पोरांची कामं आहेत.” पोलिसांचं पत्र येईपर्यंत त्यांनी टाळलं, तोवर कॅमेऱ्याच्या डीव्हीआरवर (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रावर) नवं रेकॉर्डिंग चढून ते पुसलं गेलं. चोर सापडले नाहीत. ते वसाहतीतले होते असं म्हणायला चेअरमनकडे तेव्हा काही आधार नव्हता आणि आजही नाही. हे मी त्यांना भर सभेत सांगितलंय. साक्षीला वसाहतीतली बाई उभी राहिली आणि पुरावा आमच्या सोसायटीने घालवला, हे मी विसरणार नाही.

‘चांगला भाग’ म्हणून लोक कोथरूडचं नाव घेतात. 5 जानेवारी 2024 ला तिथेच सुतारदऱ्यात गुंड शरद मोहोळचा भरदिवसा खून झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये स्वारगेट एसटी स्थानकात उभ्या बसमध्ये तरुणीवर अत्याचार झाला, आणि पोलीस ठाणं तिथून हाकेच्या अंतरावर आहे. भागाच्या नावावरून आणि फ्लॅटच्या दरावरून सुरक्षितता ठरवू नका.

तुम्हाला खरंच तपासायचं असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर ठाणे आणि तारखेनुसार बघता येतात. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे त्यात नसतात. पण घरफोडी कुठल्या गल्लीत, दिवसा की रात्री, कडी-कोयंडा उचकटून की खिडकीतून, एवढं तरी कळतं. रात्री अकराच्या पुढे त्या गल्लीतून एकदा चालत जा. दिवे चालू आहेत का, एखादं मेडिकल किंवा टपरी उघडी असते का, ते बघा.

इथे काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. रस्त्यावर लावलेल्या गाड्यांची तोडफोड या पट्ट्यात होते, कोयते नाचवणारी पोरंही आहेत. बहुतेक वेळा भांडण त्यांच्या त्यांच्यात असतं, पण काच तुमच्या गाडीची फुटते. त्यामुळे आत पार्किंग नसलेला फ्लॅट घेऊ नका. अंधार पडल्यावर तळजईच्या टेकडीवर मीही जात नाही. माझा अनुभव एका गल्लीचा आहे, बालाजीनगरच्या बाजूला कदाचित वेगळं ऐकाल.

टोकन देण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन गोष्टी विचारा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, आणि शेवटची पोलीस तक्रार कधी व कशाची केली होती. ‘आमच्याकडे कधी काही घडलंच नाही’ असं उत्तर आलं तर त्या इमारतीत घर घेऊ नका. त्याच रस्त्यावर दुसरी बघा.