उंची 5 फूट 4 इंच आहे, रोज ऑफिस आणि महिन्यातून एकदा घाट-किल्ले. पहिली अ‍ॅडव्हेंचर बाइक कोणती घ्यावी?

हिरो एक्सपल्स 200 4व्ही. सेकंडहँड चांगली मिळाली तर तीच.

तुम्ही सीटच्या उंचीचा विचार करत असाल, पण मी आधी वजन बघेन. एक्सपल्सची सीट 825 मिमी आणि रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 450 ची सर्वात खालच्या सेटिंगवर तेवढीच. पण वजनात जवळपास 40 किलोंचा फरक आहे. पावसाळ्यात गडाच्या पायथ्याच्या लाल चिखलात गाडी आडवी झाली आणि सोबत कोणी नसलं, की हा फरक कमरेला कळतो. 160 किलोंच्या आतली गाडी एकट्याने उभी करता येते. नवख्याची भीती तिथेच निम्मी होते.

दोन्ही पाय पूर्ण टेकायलाच हवेत असं नाही. एक पाय नीट टेकला की पुरतं. शोरूममध्ये नुसतं बसून ठरवू नका, थोड्या उतारावर गाडी थांबवून बघा. आणि गाडी घरी येताच लोअरिंग किट (गाडीची उंची कमी करणारे सुटे भाग) लावायची घाई नको, त्याने ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा, कमी होतो.

एक्सपल्सचं दुखणं हायवेवर आहे. ताशी 80-90 किमीपर्यंत मजेत, पुढे दमते. शिवाय स्पोक व्हीलमध्ये ट्यूब असते, म्हणून पंक्चर काढायला शिकाच. तुमचं पुणे-कोल्हापूर जास्त आणि कच्चा रस्ता कमी असेल तर सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स बघा: 250 सीसी, अलॉय व्हील, ट्यूबलेस टायर. फक्त सीट 835 मिमी आहे.

हेल्मेट, बूट, नी-गार्डचे पैसे आधी बाजूला काढा.