जेवण बदलले, गोळ्या मात्र त्याच

प्रश्न : माझे वय ५६ वर्षे असून मला ११ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्रित गोळी मी सकाळ-संध्याकाळ घेते. रक्तदाबाची गोळी वेगळी आहे. दिवाळीनंतर पोळी, भात, भाकरी बंद केली आणि साखर बरीच उतरली. मात्र मार्गशीर्षापासून फार थकवा जाणवतो. सकाळी अकराच्या सुमारास हातपाय गळतात, कधी थंडीतही कपाळाला घाम येतो. नाश्त्याला मी थोडे बदाम आणि बिनसाखरेचा चहा घेते. मी शाकाहारी आहे. घरचे थंडीला दोष देतात, तर शेजारच्या काकू बाजरीची भाकरी सोडल्याला. भाकरी पुन्हा सुरू करावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रात थंडी आणि भाकरी यांवर भर आहे, माझे लक्ष मात्र अकरा वाजण्याकडे आणि कपाळावरच्या घामाकडे गेले. ग्लिमेपिराइड हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि ताटात काय वाढले आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. पूर्वी त्याच्यासमोर दोन पोळ्या असत, आता चार बदाम असतात, पण गोळीची मात्रा दिवाळीपूर्वीचीच आहे. अशा वेळी साखर प्रमाणाबाहेर उतरणे अगदी शक्य आहे.

हे ताडून पाहणे सोपे आहे. गळाल्यासारखे वाटेल त्याच क्षणी ग्लुकोमीटरवर साखर मोजावी. गारठलेल्या बोटातून रक्त नीट येत नाही आणि बोट फार दाबले तर आकडा चुकू शकतो, म्हणून हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. आकडा ७० पेक्षा कमी आला, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवावे. मीटर हाताशी नसेल, तर साखर आधी घ्यावी. मात्रा कमी करायची की औषधच बदलायचे, हे डॉक्टर ठरवतील. खरे तर हा निर्णय आहार बदलण्याआधीच व्हायला हवा होता.

आकडा चांगला असूनही थकवा राहिला, तर रक्तदाबाकडे वळावे. पिष्टमय पदार्थ कमी केले की शरीरातील इन्सुलिनची पातळी उतरते आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी अधिक बाहेर टाकतात. त्यात थंडीमुळे तहान लागत नाही आणि रक्तदाबाची गोळी चालूच असते, त्यामुळे उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा. वरचा आकडा २० किंवा अधिक घसरत असेल, तर त्या गोळीचाही फेरविचार करावा लागतो. मनाने मीठ वाढवू नये.

रक्ततपासणीत बी-१२ अवश्य पाहावे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास हे जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही आणि शाकाहारात ते मुळातच कमी मिळते. तळपायांना मुंग्या येत असतील, तर शंका अधिक बळावते. हिमोग्लोबिन, लोह, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) याही तपासण्या कराव्यात. थायरॉइड मंदावल्यास थंडी सोसवत नाही, त्वचा कोरडी पडते आणि मलावरोध होतो, आणि हे सारे हिवाळ्याच्या नावावर सहज खपते. आपल्या वयात लोह कमी निघाले, तर नुसत्या गोळ्या घेऊन थांबू नये. रक्त कुठून जाते आहे, याचा शोध घ्यावा.

जिना चढताना थकवा वाढत असेल किंवा धाप लागत असेल, तर हृदयाची तपासणी लांबवू नये, कारण मधुमेही स्त्रियांमध्ये हृदयविकार छातीत न दुखताही येतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे घेणाऱ्या इतर वाचकांनी तर डॉक्टरांना न विचारता असा कमी पिष्टमय आहार सुरूच करू नये. साखर फारशी वाढलेली नसतानाही त्यांच्या रक्तात घातक प्रमाणात आम्ल साठू शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी किंवा जलद श्वास दिसल्यास त्यांनी लगेच रुग्णालय गाठावे.

आता भाकरीविषयी. बाजरी पौष्टिक असली, तरी तिच्यात पिष्टाचे प्रमाण भरपूर असते. शिवाय चार बदामांच्या नाश्त्याला मी कमी पिष्टमय आहार म्हणणार नाही. तो अर्धा उपास झाला. आधी नाश्त्यात पनीर, दही किंवा मुगाचे धिरडे घ्यावे. गोळीची मात्रा ठरल्यानंतर दुपारी अर्धी भाकरी भाजी-उसळीबरोबर खाऊन दोन तासांनी साखर मोजावी. आकडा डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत राहिला, तर ती अर्धी भाकरी खुशाल चालू ठेवावी.