भाच्याला गाडी खुशाल द्या, पण आधी ते पॉलिसीचं पाकीट फोडा

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"सर, माझं वय ५६, खाजगी कंपनीत आहे, ५८ ला निवृत्ती. हातात महिना ७८ हजार येतात. माझी २०१८ ची पेट्रोल गाडी भाच्याला द्यायची आहे. बहीण एकटीच असते, भाचा चाकणला रात्रपाळी करतो, त्याला गरज आहे. दिवाळीपासून गाडी त्याच्याकडेच आहे, फक्त नाव बदलायचं राहिलंय. बाजारात सव्वातीन लाख तरी येतील. अशी गिफ्ट दिली तर मला किंवा त्याला टॅक्स लागेल का? आणि इन्शुरन्सवर ५० टक्के नो क्लेम बोनस आहे, तो त्याला मिळावा म्हणून पॉलिसी माझ्याच नावावर ठेवली तर चालेल ना? मी स्वतःसाठी १४ लाखांची नवीन गाडी बुक केली आहे, ५ लाख एफडी मोडून आणि ९ लाख लोन. बँकेतल्या माणसाने सोबत एक एफडीसारखी योजना दिली, वर्षाला दीड लाख १० वर्षं भरायचे, २० वर्षांनी २७ लाख, म्हणजे जवळपास दुप्पट. ती घेतली म्हणून लोन पाव टक्का स्वस्त. टॅक्सही वाचेल. तिचं पाकीट १२ दिवसांपूर्वी आलंय, अजून उघडलं नाही. पीएफ ३८ लाखांपर्यंत होईल. एफडी एकूण ९ लाख. बाकी बीपीची गोळी सोडली तर तब्येत ठीक."

नमस्कार. टॅक्सचं उत्तर एका ओळीत देतो, कुणालाच टॅक्स नाही. गिफ्ट म्हणून मिळालेल्या ज्या वस्तूंवर घेणाऱ्याला टॅक्स लागू शकतो त्यांची कायद्यात यादी आहे, जमीन, घर, शेअर्स, दागिने, सोनं वगैरे, त्यात गाडी नाही, आणि तसंही मामाकडून भाच्याला मिळालेली गिफ्ट नात्यातली म्हणून माफच असते. तुमची घरगुती वापराची गाडी, त्यामुळे तुम्हालाही कॅपिटल गेन नाही.

आता गाडी बाजूला ठेवा आणि ते पाकीट घ्या. खरंच, हे वाचता वाचता फोडा. तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला वेगळा मेल टाकला तो यासाठीच, कारण पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो, त्या काळात कारण लिहून पॉलिसी परत करता येते आणि थोडी कापाकापी (तेवढ्या दिवसांचा जोखमीचा प्रीमियम, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च, स्टॅम्प ड्युटी) सोडली तर पैसे परत मिळतात. तुमचे १२ दिवस गेले, १८ राहिले. ३१ व्या दिवशी हेच पैसे सोडवायला गेलात तर भरलेले सगळे परत येणार नाहीत.

ही एफडी नाही. ही आयुर्विम्याची एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र बांधलेली) पॉलिसी आहे आणि ती ५६ वर्षांच्या, दोन वर्षांत पगार थांबणाऱ्या माणसाला १० वर्षं प्रीमियम भरायला लावून विकली आहे. मला याचा राग येतो, दरवेळी येतो. विकणाऱ्याला तुमची निवृत्तीची तारीख माहीत होती, तुमचं सॅलरी अकाउंट त्याच बँकेत आहे.

"दुप्पट" चा हिशोब करू. तुम्ही भरणार १५ लाख, मिळणार २७, ते वयाच्या ७६ व्या वर्षी. पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा ११ वर्षं, सरासरी धरा साडेपंधरा. साडेपंधरा वर्षांत १ चे १.८ होतात म्हणजे वर्षाला ४ टक्केसुद्धा धड पडत नाहीत. हेच दीड लाख १० वर्षं पीपीएफमध्ये टाकले आणि पुढची १० वर्षं खातं नावापुरतं चालू ठेवलं, तर आजच्या ७.१ टक्क्याने सुमारे ४४ लाख होतात. पीपीएफचा दर बदलतो हे मान्य, पण २७ आणि ४४ मधलं अंतर बघा. १७ लाख. त्यात तुमची नवीन गाडी येऊन वर ३ लाख उरतात.

पाव टक्का स्वस्त लोन? ९ लाखांवर ५ वर्षांत त्याचे वाचतात साधारण साडेसहा हजार. साडेसहा हजारांसाठी १५ लाखांची बांधिलकी! आणि कर्ज देताना पॉलिसी घ्यायलाच हवी अशी सक्ती बँकेला करता येत नाही. पॉलिसी रद्द केली म्हणून पाव टक्का काढून घेतला तर घेऊ द्या.

टॅक्स वाचण्याचं तर मुळातच नाही. नवीन टॅक्स रिजीममध्ये ८०सी (विम्याच्या हप्त्यांवगैरेवरची सूट) मिळत नाही, आणि तुमचा हातात येणारा पगार बघता वर्षाचं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आतच असेल, म्हणजे २०२५-२६ पासून नवीन रिजीममध्ये तुम्हाला टॅक्स शून्य आहे. शून्यातून काय वाचवणार?

आता पाकिटातली दोन पानं शोधा. एक, बेनिफिट इलस्ट्रेशन, रकान्यांचं पान, त्यावर तुमची सही असेल. त्यात "गॅरंटीड" च्या रकान्यात किती आणि बाकीच्या रकान्यात किती ते बघा, कदाचित २७ मधले सगळे गॅरंटीड नसतीलच. दुसरं, प्रपोजल फॉर्मची कॉपी. त्यात तब्येतीचे प्रश्न असतात, ब्लडप्रेशर आहे का, नियमित औषध चालू आहे का, आणि समोर "नाही, नाही, नाही" अशी रांग. फॉर्म तुम्ही भरला की त्याने टॅबवर भरून तुमच्याकडून ओटीपी घेतला? माझ्या टेबलावर अशी बरीच पाकिटं फुटलीत आणि बीपीवाल्या माणसाच्या फॉर्मवर बहुतेक वेळा "नाही" च सापडतं. म्हणजे ४ टक्क्यांची पॉलिसी, आणि क्लेमच्या वेळी वाद घालायला कंपनीकडे तयार कारण.

परत करताना अर्ज विमा कंपनीकडे द्या, ईमेलवर आणि शाखेत लेखी, पोच घ्या. ज्याने विकली त्याला फोन करू नका. तो "साहेब, या आठवड्यात घरी येतो, समजावतो" म्हणेल आणि १८ दिवस तसेच जातील. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामक आयआरडीएआयचं बीमा भरोसा हे तक्रारीचं पोर्टल आहे, त्याच्या पुढे विमा लोकपाल, पुण्यातही ऑफिस आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती इथे. ९ लाखांचं लोन, ९ टक्के, ५ वर्षं, ईएमआय १८,७०० च्या आसपास. पॉलिसीचे महिन्याला १२,५००. एकूण ३१,२००, म्हणजे आजच्या पगाराच्या ४० टक्के, आज कसंबसं निघेल. पण दोन वर्षांनी? निवृत्तीच्या दिवशी लोनचे जवळपास ५.९ लाख बाकी असतील आणि पॉलिसीचे ८ हप्ते, १२ लाख. उत्पन्न काय असेल ते मोजू. पीएफचे ३८ लाख आले, त्यातले ३० लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग्जमध्ये टाकले (निवृत्तीचे पैसे असले तर ५५ नंतरही उघडता येतं, फक्त पैसे मिळाल्यापासून मुदतीत उघडा), सध्या ८.२ टक्के, महिन्याचे पडतात २०,५००, तेही तिमाहीला एकदम येतात. उरलेल्या ८ लाखांचे साडेचार हजार धरा. ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन सहा-सात हजार, त्यात पेन्शनसाठीचा पगार १५ हजारांवरच धरतात, तुमचा खरा पगार कितीही असो. बेरीज ३२ हजारांच्या आत. त्यातून ३१,२०० गेले की घरात किराणा कशाने भरणार? ४ लाखांच्या उरलेल्या एफडीवर किती महिने काढणार? हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, आणि गाडी गिफ्ट देण्यापेक्षा हा कितीतरी मोठा आहे.

म्हणून १४ लाखांची गाडी नको. बुकिंगच झालंय, डिलिव्हरी नाही, तर मॉडेल बदला, ८ लाखांपर्यंतची घ्या, ५ तुमचे, ३ लाखांचं लोन, मुदत २४ महिनेच. ईएमआय १३,७०० येईल, पगार आहे तोवर कर्ज संपेल. बुकिंगचे काही हजार गेले तरी चालतील. ४ लाखांच्या एफडीला हात लावू नका.

आणि पॉलिसीचे जे दीड लाख परत येतील त्यातून आधी आरोग्य विमा घ्या, नवरा-बायको दोघांचा. तुम्ही कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमवर आहात असं गृहीत धरतो, तो ५८ ला पगारासोबत जातो. बीपी आहे म्हणजे आधीपासूनच्या आजाराला वेटिंग, आता ते जास्तीत जास्त ३ वर्षं असतं. आज घेतलात तर निवृत्तीला दोन वर्षं सरलेली असतील आणि एकच उरेल. ५८ ला घ्यायला गेलात तर ६१ पर्यंत बीपीशी संबंधित आजारांना कव्हर नाही, आणि प्रीमियमही जास्त. दोघांचा १० लाखांचा कव्हर वर्षाला साधारण ५०-६० हजार धरा. बीपी फॉर्मवर लिहा, गोळीच्या नावासकट, आणि फॉर्म स्वतःच्या हाताने भरा.

आता गाडी. देण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, रात्री दोनला शिफ्ट सुटणाऱ्या मुलाला गाडी मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण "फक्त नाव बदलायचं राहिलंय" मधलं फक्त काढा. तुमच्या मोबाईलवर अजून हिवरगाव पावसाच्या टोलचे फास्टॅगचे मेसेज येत असतील ना, भाचा नाशिकला आला-गेला की? तसंच ई-चलनही तुमच्याच नावावर येणार, आणि उद्या अपघात झाला तर कोर्टाची नोटीससुद्धा. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. त्या केसमध्ये गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरली होती, कागदावर पहिलाच राहिला, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. विमा चालू असेल तर थर्ड पार्टीचे, म्हणजे ज्याला धडक बसली त्याचे, पैसे कंपनी देते, पण विम्याचा हप्ता चुकला, किंवा भाच्याच्या लायसन्सची मुदत संपलेली निघाली, तर वसुली तुमच्या बचतीपर्यंत येऊ शकते.

कायद्याने राज्याच्या आतल्या ट्रान्सफरची खबर देणाऱ्याने १४ दिवसांत द्यायची असते. तुम्ही दिवाळीपासून थांबलात. फॉर्म २९ आणि ३०, आरसी, पीयूसी, विमा, दोघांचे आधार-पॅन, वाहन पोर्टलवर सुरुवात करा. त्याआधी आरसीवर बघा, गाडी लोनवर घेतली होती का, लोन फिटूनही बँकेचा बोजा तसाच दिसतो का. हे लोक नेहमी विसरतात. दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी. गिफ्ट म्हणून दिली असं साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा, तारीख आणि वेळ टाकून, किल्ली कधी दिली ते कळायला हवं.

नो क्लेम बोनस भाच्याला जात नाही. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो, तुमचा आहे, तुम्ही इतकी वर्षं क्लेम न करता कमावलाय. विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, ३ वर्षं चालतं, आणि नवीन गाडीला लावा. ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) प्रीमियम समजा १६ हजार असला तर ८ हजार वाचले. शोरूमवाल्याला पत्र आधी दाखवा, नाहीतर तो पूर्ण भावाने पॉलिसी काढून मोकळा होईल. आणि आरसी भाच्याच्या नावावर, पॉलिसी तुमच्या नावावर असं ठेवलंत तर गाडीला काही झाल्यावर तिच्या दुरुस्तीचा क्लेम तुम्हालाही मिळत नाही, त्यालाही नाही. आरसीवर नाव चढलं की १४ दिवसांत त्याने पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची, बोनसचा फरक भरायचा. काही हजार असतील, ते त्याला भरू द्या, त्याला पगार आहे. सोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा त्याच्या नावाने घ्यायला लावा, तुमच्या नावाचा त्याच्या उपयोगाचा नाही. फास्टॅग तुमचा बंद, त्याचा नवा.

बहिणीला एवढंच सांगा की नाव चढेपर्यंत गाडी बिल्डिंगखाली उभी राहू दे, आठ-पंधरा दिवस मुलगा कंपनीच्या बसने जाईल. आणि मला पॉलिसी परत केल्याची पोच आली की तिचा फोटो मेल करा, तारखेचा शिक्का दिसेल असा.