साताऱ्याला रेल्वेनंच जा, आणि माहुलीला थांब

शनिवार-रविवार पुण्याहून साताऱ्याला, रेल्वेनं, तेही पहिल्यांदाच एकटीनं, असं तू लिहिलंयस. आणि सगळे सांगतायत की स्टेशन गावाबाहेर आहे, त्यापेक्षा एसटीनं जा आणि गाडी करून कास, ठोसेघर, सज्जनगड उरकून ये. माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. तीसेक वर्षं याच लाईनवरून माझी ये-जा चालू आहे, बहुतेक वेळा एकटीच असते. मी म्हणेन, रेल्वेनंच जा.

एसटी कात्रज आणि खंबाटकी ओलांडून सरळ येते, लवकर पोचते. रेल्वे जेजुरी, नीरा, लोणंद असा वळसा घेते आणि सालप्यानंतर आदर्कीचा घाट चढते. तेवढा वेळ मोबाईल पिशवीत ठेव, खिडकी सोडू नकोस. पुढं वाठार येईल. एके काळी महाबळेश्वरला जाणारी माणसं इथं उतरून पुढं टांग्यानं जायची.

गाडी मात्र उजेडात पोचणारी निवड. कोयना एक्स्प्रेस दुपारी पुण्यातून निघते, ती सोयीची. मी एकदा रात्री उशिरा उतरले, बाहेर एकही रिक्षा नव्हती. उजाडेपर्यंत फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. काही वाईट घडलं नाही, पण पहिल्या प्रवासात ती धाकधूक कशाला?

आता स्टेशनचं. ते गावापासून लांब आहे, कृष्णेपलीकडं. पण त्यामुळंच गावात शिरायच्या आधी वाटेत माहुली लागते, आणि साताऱ्याची सुरुवात तिथूनच व्हावी असं मला मनापासून वाटतं. रिक्षात बसण्याआधीच ठरव: संगम माहुलीला अर्धा तास थांबायचं, मग गावातला पोवई नाका. भाडंही तेव्हाच बोलून घे. कृष्णा आणि वेण्णा इथं मिळतात. घाटावरचं विश्वेश्वराचं काळ्या दगडातलं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी 1735 च्या सुमारास बांधलं. शिवाजी महाराजांचे नातू शाहू महाराज यांची समाधी इथंच नदीकाठी आहे, आणि त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीसुद्धा. पेशव्यांना तोंडावर सुनावणारे रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. संध्याकाळी पायऱ्यांवर बस. सोबत कुणी असलं की 'चला, पुढं बघू' होतंच. एकटीला इथं कुणी उठवत नाही.

शाहू महाराज लहानपणी मोगलांच्या कैदेत गेले ते 1707 साली सुटले. 1708 मध्ये त्यांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि मग अजिंक्यतारा किल्ल्याखाली हे शाहूनगर वसलं. मंगळवार पेठ, गुरुवार पेठ, यादोगोपाळ पेठ, चिमणपुरा अशा सगळ्या पेठा चालत फिरता येतात. राहायची खोली पोवई नाका किंवा एसटी स्टँडच्या आसपास घे, म्हणजे अंधार पडल्यावरही रिक्षा, खानावळ, माणसं जवळ असतात. छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयही स्टँडजवळच आहे. लंडनहून आलेली वाघनखं जुलै 2024 मध्ये आधी इथं मांडली होती.

राजवाड्यापाशी मात्र घाई करू नकोस. तिथल्या प्रतापसिंह हायस्कूलात 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर. रविवारी शाळा बंद असेल, बाहेरूनच बघ, पण बघ. पुढच्याच वर्षी हा मुलगा भावाला आणि भाच्यांना घेऊन नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीत बसला. वडील खटावकडं नोकरीला होते, त्यांना भेटायला. मसूरला उतरल्यावर जात कळली आणि एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक कबूल झाला, पण गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूनं चालणार. रात्रभर पोरांना प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. सांगलीहून माहेरी येताना मसूर लागतं. ते वाचल्यापासून त्या स्टेशनावरून जाताना मी गप्प होते. याच रुळांवरून आपण तिकीट काढून मजेत फिरायला जातो, हे तुलाही माहीत असावं म्हणून लिहिलं.

रविवारी पहाटे अजिंक्यतारा. गाडीरस्ता वरपर्यंत आहे, तरी चालतच जा. सकाळी फिरायला येणारी सातारकर मंडळी भरपूर असतात, त्यामुळं एकटं वाटत नाही. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः याच्या पायथ्याशी येऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी एप्रिलपर्यंत किल्ला झुंजवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले, त्यातल्या एकानं तट बाहेरच्या अंगाला ढासळला आणि त्यांचीच माणसं गाडली गेली. गड पडल्यावर बादशहानं त्याला आझमतारा नाव दिलं. पुढं तो परत मिळाला आणि अजिंक्यतारा झाला.

उतरताना चार भिंतींपाशी थांब, तिथून अख्खं गाव दिसतं. तिथं 1857 च्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. साताऱ्यातल्या त्या असंतोषाची मुळं आधीची: 1839 मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षं झगडत राहिले. दरम्यान 1848 मध्ये डलहौसीनं राज्यच खालसा केलं. मोठ्या कामासाठी परमुलखात एकट्यानं राहण्याची ही एवढी चिकाटी मला कायम थक्क करते.

कास आणि ठोसेघर या खेपेला सोडच. सज्जनगडाला राजवाड्यापासून एसटी आहे, पण दोन दिवसांत गाव की गड यातलं एकच नीट होतं, आणि मी गावाच्या बाजूनं आहे.

परतीचं तिकीट निघायच्या आधीच आरक्षित करून ठेव, रविवारी संध्याकाळी पुण्याकडं फार गर्दी असते. कंदी पेढे मोती चौकाच्या बाजूला घे. ते फार गोड नसतात, खव्याची चव लागते. स्टेशनसाठी रिक्षा तासभर आधी सांगून ठेव, आणि जाताना माहुलीच्या पुलावरून नदीकडं एकदा बघ.