पाय कागदाबाहेरच का जातात?

प्रश्न : ताई, मी आयटीत आहे, काही महिन्यांपासून रविवारी लाइफ ड्रॉइंगच्या, म्हणजे समोर मॉडेल बसवून चित्र काढायच्या, सेशनला जातोय. वीस मिनिटांची पोझ असते. डोकं, खांदे, छाती मस्त जमतं, कमरेपर्यंत पोचतो आणि टायमर वाजतो. अख्खी वही अर्धवट माणसांनी भरलीये, पाय एकालाही नाहीत. शेजारचे सगळे पूर्ण करतात. मॉडेलचा फोटो काढून घरी पूर्ण केलं तर चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : फोटोचं आधी सांगते. नाही चालणार. मॉडेल तिथे बसलीये ती समोरच्यांनी बघून काढावं म्हणून, तुमच्या मोबाइलमध्ये जाऊन बसायला नाही. न्यूड असो की कपड्यातली पोझ, नियम एकच, आणि कोणी सांगितला नाही तरी तो समजून घ्यायचा असतो. त्यातून फोटोचा उपयोगही नाही हो, जवळून काढलेल्या मोबाइलच्या फोटोत पुढे आलेला गुडघा भोपळ्याएवढा दिसतो आणि तुम्ही घरी बसून इमानेइतबारे तो भोपळाच काढणार.

आता पाय. हात स्लो आहे म्हणून ते राहत नाहीयेत, माझा अंदाज असा की तुम्ही चेहऱ्यापासून सुरू करताय. डोळा, भुवई, नाक यातच पाच-सात मिनिटं जातात, आणि तेवढं प्रेमाने काढलेलं डोकं हमखास मोठं होतं. मग हिशोब करा. उभा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, तुम्ही डोकं सव्वादोन इंचांचं काढलंत की खालपर्यंत जायला जवळजवळ सतरा इंच हवेत, आणि ए-थ्री कागद आहे साडेसोळा इंच लांब. पाय बसणारच कुठे? टायमरला उगाच शिव्या.

पुढच्या वेळी सगळ्यात आधी डोक्याचा माथा आणि टाचा, फक्त दोन खुणा करा. मग वजन कुठल्या पायावर आहे ते शोधा. एका पायावर भार टाकून उभं राहिलं की त्या बाजूचं कमरेचं हाड वर चढतं, त्याच बाजूचा खांदा बहुतेक वेळा खाली येतो, आणि गळ्याच्या खळगीतून सरळ खाली ओळंबा सोडला तर तो त्या पायाच्या घोट्याच्या आसपास पडतो. पेन्सिल दोन बोटांत उभी लोंबकळत धरून बघा, लगेच कळेल. एवढं पकडलंत की माणूस उभा राहतो, भले नाक नसेना का त्याला! मग टायमर कधीही वाजू दे, कागदावर अख्खा माणूस असेल, फक्त तपशील कमी.

पण मला खरं तर तुमच्या 'पूर्ण' या शब्दाबद्दलच बोलायचंय. आपल्या बऱ्याच जणांना ही सवय शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी लावली. स्मरणचित्राचा कागद कोपऱ्यापर्यंत रंगवायचा, कुठे पांढरं राहिलं की मार्क गेले, मागे काही सुचलं नाही तर एक झाड आणि दोन पक्षी टाकून द्यायचे. परीक्षेपुरतं ठीक आहे, पण लाइफ क्लासमध्ये शेवट कुठे करायचा हे आपण ठरवतच नाही, समोरच्याचं शरीर ठरवतं. हात वर धरलेली पोझ असेल तर काही मिनिटांतच तो हात थरथरायला लागतो. बसलेली मॉडेल हळूहळू खाली खचते, पाठीचा बाक वाढतो, मान कळत नकळत फिरते, आणि ब्रेकनंतर पायाभोवती खडूच्या किंवा टेपच्या खुणा बघून तिला परत बसवलं तरी कंबर आधीच्या जागी येत नाही ती नाहीच येत. म्हणजे तुम्ही पहिल्या मिनिटाला जी पोझ काढायला घेतली ती विसाव्या मिनिटाला तिथे नसतेच, मग पूर्ण करायचंय ते नक्की काय?

आणि शेजारच्यांचं म्हणाल तर एकदा पेन्सिल खाली ठेवून त्यांच्या माना बघा. शेवटच्या मिनिटांत कितीजण मॉडेलकडे वर बघतात? बरेचजण पाठ असलेले पाय भरत असतात, कुठल्याही माणसाला लागतील असे. त्यापेक्षा तुमचं कमरेपर्यंतचं परवडलं, निदान तेवढं बघून काढलेलं आहे.

प्रश्न : न्यूजप्रिंटवरच्या स्केचेसचा ढीग माळ्यावर मावत नाही. त्यात न्यूड पण आहेत. सासूबाई म्हणतात, ही कसली थेरं, रद्दीत द्या. द्यायचे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : द्या. सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. न्यूजप्रिंट हा लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, त्यातल्या लिग्निनमुळे तो पिवळा पडतो आणि मग नुसता हात लावला तरी तुटतो, तो जपण्यासाठी बनलेलाच नाही. थोडी ठेवा, ज्यात तुम्हाला काहीतरी पहिल्यांदा दिसलं होतं तीच ठेवा, सुंदर आलेली नव्हे. चारकोलची असतील तर फिक्सेटिव्ह (चारकोल पुसला जाऊ नये म्हणूनचा स्प्रे) मारा, खिडकी उघडी ठेवून. बाकीची द्यायला हरकत नाही, मात्र न्यूड आधी फाडा, मॉडेलने पोझ क्लाससाठी दिली होती, भेळेच्या पुड्यासाठी नाही. आणि थेरं म्हणाल तर मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख म्हणून आले आणि १९१९-२० च्या सुमारास न्यूड मॉडेल बसवून लाइफ क्लास सुरू झाला, म्हणजे हे 'थेर' सासूबाईंपेक्षा वयाने मोठं आहे, तेवढं हळूच सांगून बघा.

प्रश्न : आजीचं ऑइल पोर्ट्रेट करतेय. चेहरा झाला, साडी झाली, हात राहिलेत आणि आजी आता बसायलाच तयार नाही, म्हणते झालं की, किती दिवस चालायचंय. मैत्रीण म्हणते सोडून दे तसंच, लिओनार्दो, मायकेलअँजेलो सगळ्यांनी अर्धवट सोडलंय. सोडू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मैत्रिणीला सांगा, ही नावं घेताना जरा जपून. लिओनार्दोला फ्लॉरेन्सजवळच्या एका मठाने १४८१ मध्ये मोठं चित्र सांगितलं होतं, राजे बाळ येशूला नमस्कार करायला येतात ते, आणि हा गडी ते नुसत्या तपकिरी रंगातल्या कच्च्या अवस्थेत ठेवून मिलानला निघून गेला. मठाने शेवटी फिलिपिनो लिप्पीकडून दुसरं करून घेतलं. आज फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आपण ते अर्धवट चित्र आ वासून बघतो, पण मठातल्या लोकांना काय वाटलं असेल! मायकेलअँजेलोचे ते दगडात अडकलेले कैद्यांचे अर्धवट पुतळे पोप ज्युलियसच्या थडग्यासाठी होते, थडग्याचा प्लॅन पुन्हा पुन्हा लहान होत गेला आणि ते राहून गेले. त्यात पुढे लोकांनी पुष्कळ तत्त्वज्ञान भरलं, ते वेगळं.

तुमच्या कामाचा माणूस फ्रेंच चित्रकार सेझान आहे. १८९९ मध्ये तो आंब्रवाज वोलार या चित्रविक्रेत्याचं पोर्ट्रेट करत होता. वोलारनेच पुढे लिहिलंय की तो ११५ वेळा बसला (एकदा डुलकी लागून खुर्चीवरून पडला, तर सेझानच उलट चिडला की सफरचंद कधी हलतं का!) आणि एवढं करून सेझान म्हणाला, शर्टाच्या पुढच्या भागावर मी अगदीच नाराज नाही. हातावर कॅनव्हासचे दोन छोटे ठिपके कोरे राहिले होते. वोलारने विचारलं तर उत्तर असं की तिथे मी अंदाजाने काहीही लावलं तर त्या जागेपासून अख्खं चित्र परत करावं लागेल. पोर्ट्रेट आज पॅरिसच्या पती पॅले संग्रहालयात आहे.

तर सोडायचं की नाही याआधी बघा की हात का राहिलेत. हात काढायला अवघड, म्हणून साडीवर आठवडे घालवून ते मागे ठेवले असतील (हे फार कॉमन आहे) तर सोडू नका, ते राहिलेलं नाही, टाळलेलं आहे. आणि खरंच बसायला मिळालं नाही म्हणून राहिले असतील तर तुमचे स्वतःचे हात आरशात बघून तिच्या मांडीवर चिकटवू नका, आजीची बोटं तशी नसणार. कोरे राहू देत.

आजीला पुन्हा बसवायचं तर पोर्ट्रेटसाठी म्हणून बोलावूच नका. संध्याकाळी ती सिरीयल बघते किंवा लसूण सोलते तेव्हा समोर वही घेऊन बसा, नुसत्या हातांची स्केचेस करा, पाच मिनिटं, दहा मिनिटं, उठली तर उठली. पुरेशी झाली आणि पोझ कॅनव्हासशी जुळणारी असेल तरच ब्रश घ्या. मधे बरेच दिवस गेले की वाळलेला रंग कोरडा, मळकट दिसतो आणि नवा रंग जुळवता येत नाही, त्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून कापडाने जास्तीचं पुसून घ्या, रंग परत उघडतो. तोवर वार्निश मात्र लावू नका, आजी कितीही म्हणाली झालं की म्हणून.