डोमेन आमचं, पण नोंद वेबसाइटवाल्याच्या नावावर

प्रश्न : नऊ वर्षांपूर्वी वेबसाइट बनवणाऱ्याने आमच्या व्यवसायाचं डॉट कॉम डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं. दरवर्षी पैसे आम्हीच दिले. यंदा त्याने नूतनीकरण केलं नाही. महिन्यापूर्वी पाहिलं तेव्हा मुदत पुढच्या वर्षाची दिसत होती. आता साइट बंद आहे आणि स्थिती ‘रिडेम्प्शन पीरियड’ अशी येते. एक अनोळखी माणूस पैसे घेऊन डोमेन सोडवून देतो म्हणतो. दावा लावू का?

उत्तर : दाव्याचं नंतर पाहू, आधी दिवस मोजा. रिडेम्प्शन म्हणजे रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीने, डोमेन काढून टाकलंय, पण ते 30 दिवस राखून ठेवलेलं असतं. त्यानंतर 5 दिवस ‘पेंडिंग डिलीट’. त्या पाच दिवसांत कुणालाच काही करता येत नाही. पुढे जो आधी नोंदवेल त्याचं.

तुम्हाला दिसलेल्या पुढच्या वर्षाच्या तारखेने वकीलही फसतात. मुदत संपली की रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची मुख्य नोंद ठेवणारी संस्था, आपोआप एक वर्ष वाढवून दाखवते. पैसे आले नाहीत तर रजिस्ट्रार 45 दिवसांच्या आत ती वाढ रद्द करू शकतो. तुमच्या बाबतीत तेच झालेलं दिसतं.

या 30 दिवसांत डोमेन सोडवता येतं ते त्याच रजिस्ट्रारकडून, आणि तो हक्क मुदत संपताना ज्याची नोंद होती त्याचा. म्हणून त्या अनोळखी माणसाला दमडी देऊ नका. त्याच्या हातात काही नाही. अडचण अशी, की नोंदीनुसार तुमच्याही हातात नाही. पैसे भरल्याने नोंदणीधारक होता येत नाही.

तेव्हा वेबसाइटवाल्याला आजच फोन करा. नोटीस नको, फोनच. नोटीस मिळाली की तो वकील गाठेल आणि दिवस सरतील. त्याने रजिस्ट्रारकडे पुनर्स्थापनेची मागणी करावी, शुल्क तुम्ही भरा. ते नूतनीकरणापेक्षा बरंच जास्त असतं, पण डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमाने रजिस्ट्रारला जाहीर ठेवावं लागतं. डोमेन परत येताच नोंद तुमच्या नावे करीन, एवढं ईमेलवर लिहून घ्या.

रजिस्ट्रारवर रागावून फारसं हाती लागणार नाही. मुदतीपूर्वी साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी, मग संपल्यावर 5 दिवसांत, अशा सूचना त्याने पाठवायच्या असतात. त्या वेबसाइटवाल्याच्याच ईमेलवर गेल्या असणार.

डोमेन तिसऱ्याने पटकावलंच, तर 1999 पासूनची यूडीआरपी ही डोमेनच्या वादांसाठीची लवादासारखी प्रक्रिया आहे. तिथे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव तुमच्या ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते दुष्ट हेतूने नोंदवलं व वापरलं. ट्रेडमार्क नोंदलेला नसला तरी दीर्घ वापराचा पुरावा चालतो. पण नाव साधा शब्दकोशातला शब्द असेल तर बाजू लंगडी. असे वाद चालवणाऱ्या वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) कडे एका पंचासाठी शुल्क 1,500 डॉलर, आणि भरपाई शून्य; मिळालं तर डोमेन मिळतं.

भरपाई मागायची ती वेबसाइटवाल्याकडून, दिवाणी न्यायालयात. नऊ वर्षांची बिलं आणि ईमेल आत्ताच वेगळे काढून ठेवा. रिडेम्प्शन कोणत्या तारखेला सुरू झालं ते रजिस्ट्रारला विचारून मला आजच कळवा.