वेअर ऑफ, टेपर ऑफ, वीन ऑफ आणि ‘रूल आउट’चा घोळ

परदेशातील नोकरीसाठी ओईटी या आरोग्यसेवकांच्या इंग्रजी परीक्षेची तयारी करणाऱ्या एका परिचारिकेने विचारले आहे की, ‘वेअर ऑफ’, ‘टेपर ऑफ’ आणि ‘वीन ऑफ’ या तिन्हींचा अर्थ ‘हळूहळू कमी होणे’ असाच सांगितला जातो, तर त्यांत फरक कोणता. आणि ‘रूल आउट’ म्हणजे ‘नाकारणे’ का?

पहिल्या तिन्हींत ‘ऑफ’ हे दूर होणे दाखवते. फरक आहे तो कोण कमी करतो आणि काय कमी होते यात, आणि तो नेमका कळला की वाक्यरचनाही चुकत नाही.

‘वेअर ऑफ’ या अर्थाने अकर्मक आहे. औषधाचा अंमल आपोआप ओसरतो, कोणी काही करावे लागत नाही. आपण ‘भूल उतरली’ म्हणतो, तेच हे. त्यामुळे ‘वुई विल वेअर ऑफ द ड्रग’ असे वाक्य होऊच शकत नाही. पार्किन्सनच्या रुग्णांच्या बाबतीत ‘वेअरिंग ऑफ’ ही तर रूढ संज्ञाच आहे. लेव्होडोपा या त्यावरच्या औषधाची पुढची गोळी घेण्याची वेळ होण्याआधीच आधीच्या गोळीचा परिणाम संपतो आणि कंप, ताठरपणा पुन्हा जाणवू लागतो. ‘माय टॅब्लेट्स वेअर ऑफ बाय इलेव्हन’ असे रुग्ण म्हणाला, तर त्याने गोळ्या बंद केल्या असा अर्थ घेऊ नये. अकरा वाजेपर्यंत त्यांचा असर संपतो, ही त्याची तक्रार आहे आणि ती वेळेसह नोंदवायला हवी.

औषधांच्या बाबतीत ‘टेपर ऑफ’मध्ये मात्र कमी करणारा माणूस असतो, आणि कमी होते ती मात्रा. दीर्घकाळ प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णाच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींचे स्वतःचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करणे मंदावलेले असते. गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब धोकादायक रीतीने घसरू शकतो, म्हणून डोस पायरीपायरीने उतरवत नेतात.

‘वीन ऑफ’चे कर्म प्रामुख्याने रुग्ण असतो, आणि ज्यापासून त्याला सोडवायचे ती वस्तू ‘ऑफ’नंतर येते: ‘वीन द पेशंट ऑफ द व्हेंटिलेटर’. ‘वीन’ म्हणजे मुळात बाळाचे अंगावरचे दूध तोडणे. मराठीतल्या ‘तोडणे’ला तडकाफडकीची छटा आहे, इंग्रजी शब्दाचे जुने रूप मात्र ‘सवय लावणे’ या अर्थाचे होते, आणि अतिदक्षता विभागात तोच अर्थ आजही जिवंत आहे, हे मला फार सुंदर वाटते. यंत्राचा आधार कमी करत रुग्णाला स्वतःच्या श्वासाची पुन्हा सवय लावतात, आणि नळी काढण्याआधी बहुधा ३० ते १२० मिनिटे तो स्वतः श्वास घेऊ शकतो का, हे पाहतात. ‘वीन द ऑक्सिजन’ असेही तिथे सर्रास ऐकू येईल. ते बोलण्यातले संक्षिप्त रूप समजावे.

‘रूल आउट’बद्दल अधिक जपायला हवे, कारण त्याचे रूप बदलले की अर्थ जवळजवळ उलटा होतो. ‘डेंग्यू रूल्ड आउट’ म्हणजे तपासाअंती डेंग्यू नाही असे ठरले. पण केसपेपरवर निदानाच्या जागी ‘आर/ओ डेंग्यू’ (‘आर/ओ’ म्हणजे ‘रूल आउट’) लिहिलेले असते, तेव्हा डेंग्यूची शंका आहे आणि तो नसल्याची खात्री अजून करायची आहे, असा अर्थ असतो. ‘आपण डेंग्यू रूल आउट करून घेऊ’ असे डॉक्टर म्हणतात आणि नातेवाईक ‘डेंग्यू नाही’ असे समजून सुटकेचा निःश्वास सोडतात, तो घोळ इथलाच. त्यात डेंग्यूसाठीची एनएस१ ही रक्तचाचणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच जास्त भरवशाची असते, त्यामुळे उशिरा केलेली ती एक चाचणी निगेटिव्ह आली म्हणूनही ‘रूल्ड आउट’ लिहिता येत नाही. तेव्हा ‘नाकारणे’ हा शब्द सोडून द्यावा. काम बाकी असेल तर ‘शक्यता पडताळणे’ आणि झाले असेल तर ‘शक्यता निकालात निघणे’ असे म्हणावे. कामाची पाळी बदलताना इंग्रजीत सांगायचे असेल, तर पहिल्यासाठी ‘सस्पेक्टेड’ हा साधा शब्द वापरणे अधिक सुरक्षित.